सांगलीचा उन्हाळा, चौथा महिना आणि तान्ह्या बाळाचं घर

विश्रामबागकर (धागाकर्ती) | सोमवार, दुपार

घरी तान्हं बाळ असलेल्या आणि ज्यांच्या घरून ते दिवस नुकतेच सरलेत अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. लेकीचा तिसरा महिना सरून चौथा लागलाय. बाळंतपण माहेरी तासगावला झालं, आता सांगलीत विश्रामबागला सासरी आहे. घरात सासूबाई, सासरे आणि आम्ही दोघं. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे, त्याची पाळी आठवड्याला बदलते. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. दुपारी बाराला खोली तापली की रात्री अकरापर्यंत निवत नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. "घसा सुकत असेल तिचा, चमचाभर पाणी पाज" हे सासूबाई म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, बाळ बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. डॉक्टरांनी नको सांगितलंय. पण या उकाड्यात ती तासाभराने पुन्हा प्यायला मागते आणि मग मलाच वाटायला लागतं, माझं दूध हिला पुरतंय ना?

दुसरं, तिन्हीसांजेचं रडणं. साडेसहा-सातला सूर लागतो तो नऊपर्यंत. पाजलं, ढेकर काढला, कपडे बदलले, तरी थांबत नाही. दुसऱ्या महिन्यापेक्षा कमी झालंय, पण आहे.

तिसरं कसं मांडू कळत नाही. सकाळी मी स्वयंपाकाला उभी राहते तेव्हा बाळ सासूबाईंकडे असतं. ती भुकेनं रडली की गॅस बंद करून धावायचं, पाजायचं, परत ओट्याशी. दुपारी ती झोपली की लंगोट आणि दुपटी धुवायची. रात्री दर दोन तासांनी उठणं आहेच. घरातले सगळे बाळाला प्रेमानं घेतात, कुणीही वाईट नाही. तरी संध्याकाळपर्यंत माझं अंग मोडून येतं आणि उगाच रडू येतं. तुमच्या घरी दिवस कसा बसवलात, ते सविस्तर लिहाल का?

---

पलूसची_ताई | सोमवार, संध्याकाळ

मी पलूस भागात उपकेंद्रावर नर्स होते, आता निवृत्त झाले. पाण्याचं आधी सांगते, कारण ते या दिवसांत सगळ्यात जास्त विचारलं जातं.

आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने पुरे होईपर्यंत वरून पाणी नको, आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातसुद्धा नको. बाळाचं पोट लहान असतं. ते पाण्यानं भरलं की दूध तेवढं कमी जातं, आणि बाळ कमी ओढायला लागलं की आईला दूध येणंही कमी होतं. शिवाय पाणी, वाटी, चमचा यांतून जुलाबाची लागण होते, आणि उन्हाळ्यातले जुलाब तान्ह्याला झेपत नाहीत. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, त्यानं तहान भागते. मागून येणारं दाट, त्यात स्निग्धांश जास्त, त्यानं पोट भरतं. म्हणून एका बाजूला ती स्वतः सोडेपर्यंत पिऊ द्यायचं, मग दुसरी बाजू. उन्हाळ्यात ती जास्त वेळा मागते ते बरोबरच आहे. तहान लागली की ती दूध मागते, आणि तेच द्यायचं.

पुरतंय की नाही हे ओळखायचं लघवीवरून आणि वजनावरून. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, रंग फिका, बाळ जागेपणी हसतं-बघतं, वजनाचा आलेख चढता, एवढं असलं की पुरतंय. घरी लंगोट वापरतेस हे फार चांगलं, मोजता येतं. वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या वेळेच्या दुप्पट होतं. माता-बाल संरक्षण कार्डावर आलेख असतो, तो सासूबाईंना समोर बसवून दाखव. चढणारी रेघ बघितली की म्हाताऱ्या माणसांची काळजी खरंच कमी होते, मी हे कितीतरी घरांत पाहिलंय.

आणि पाणी प्यायचं ते तू. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं ही समजूत अजून गावोगावी आहे. ती ऐकू नकोस. पाजायला बसताना शेजारी तांब्या भरून ठेव.

दूध ओढत नसेल, अंग ढिलं पडलं असेल, टाळू खोल गेली असेल, लघवी फार कमी झाली असेल, श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त होत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. लगेच दवाखाना. ज्यांचं बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे त्यांनी १०० च्या वर ताप गेला की थांबूच नये.

---

वाळव्याची_आजी | सोमवार, रात्र

नातीकडून टाइप करून घेतेय. पोरी, तुझं तिसरं मी तीनदा वाचून घेतलं.

आमच्या वेळेला बाळंतीण सव्वा महिना खोलीतनं बाहेर यायची नाही. त्यात चुकीचंही लई होतं, खोलीत शेगडी, दारं-खिडक्या बंद, जीव गुदमरायचा. पण एक चांगलं होतं, तिच्या हातात काम कुणी देत नव्हतं. आता बाळंतीण माहेरनं आली की बाळ सासूकडं आणि कामं सुनेकडं. ह्याला मदत म्हणत नाहीत. तुझ्या सासूला माझा निरोप सांग. म्हणावं बाई, लेकरू तू मांडीवर घेऊन बसतीस आणि सून भाकऱ्या थापती, हे उलटं कर. भाकऱ्या तू थाप. सुनेला लेकराजवळ पडू दे. लेकराला आई पाहिजे आणि आईला झोप पाहिजे. नातवंडाची माया असली तरी ती चुलीपुढं उभं राहूनच दाखवावी लागती. मी माझ्या दोन्ही सुनांची बाळंतपणं अशीच काढली, म्हणून बोलायचा अधिकार आहे.

उन्हाचं सांगते. टोपडं आणि मोजे काढून टाक. जुन्या धुतलेल्या धोतराचं नाहीतर मलमलीचं बिनबाह्यांचं झबलं, बस्स. दुपारी खिडकीला ओलं पोतं नाहीतर वाळ्याचा पडदा. खाली फरशीवर चटई आणि वर गोधडी घालून निजव, खाटेवर ऊन उतरतं. कूलर असला तर वारं थेट अंगावर नको. रात्री मच्छरदाणी पाहिजेच.

तिन्हीसांजेला मीठ-मोहरीची दृष्ट काढ म्हणतील, काढू दे, त्यानं कुणाचं काय जात नाही. पण लेकराला घेऊन खाली उतर, झाडाखाली फिरव. घरात कोंडून ठेवल्यावर मोठं माणूससुद्धा रडतं.

---

मिरजकर_बाबा | मंगळवार, सकाळ

आजींना साष्टांग. मी बाबा म्हणून लिहितोय. मीही पाळीवर काम करतो. आमचा मुलगा आता चालतो, पण ते महिने नीट आठवतात.

आम्ही ठरवलं ते एवढंच, की संध्याकाळ माझी. पहिली पाळी असली की घरी येऊन हात-पाय-तोंड धुतलं, कपडे बदलले आणि साडेसहाला बाळ माझ्याकडे. बायकोनं त्या वेळात झोपायचं, नाहीतर अंघोळ करून निवांत जेवायचं, पण ओट्याशी जायचं नाही. रडण्याला मी घाबरत होतो. डॉक्टरांनी समजावलं की असं संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. बाळ पीत असेल, वजन वाढत असेल, उलटी-ताप नसेल, तर ते आजारपण नाही. हे कळल्यावर मला त्याला घेऊन नुसतं फिरत राहणं जमलं. पालथं हातावर घ्यायचं, पोट आपल्या हातावर, डोकं कोपराजवळ, आणि सावकाश चालायचं. रडणं सोसेनासं झालं, हात थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर गादीवर ठेवून दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहायचं, पण बाळाला जोरात हलवायचं नाही. हे प्रत्येक बापाला कुणीतरी स्पष्ट सांगितलं पाहिजे, जोरात हलवल्यानं मेंदूला इजा होते.

आमच्या गल्लीजवळ सतारमेकरांची दुकानं आहेत. संध्याकाळी कुणी ना कुणी तंबोरा लावत बसलेलं असायचं. त्या दुकानाच्या पायरीशी मी त्याला घेऊन उभा राहायचो आणि तो खरोखर गप्प व्हायचा. दुकानातले आजोबा मुद्दाम थोडा वेळ जास्त तारा छेडायचे. मिरजेत राहण्याचं सुख ते हेच.

लंगोट धुणंही मीच घेतलं होतं. रात्री भिजवायचे, सकाळी धुऊन गच्चीवर कडक उन्हात. साबणाचा अंश राहिला की मांड्यांत पुरळ येतं, म्हणून शेवटचं पाणी दोनदा. रात्रीच्या उठण्यात पाजणं आईचं, पण ढेकर काढणं आणि दुपटं बदलणं बापाला जमतं. तेवढ्यानंही तिची झोप वाढते. दुसरी-तिसरी पाळी असेल त्या आठवड्यात हे वेळापत्रक हलतं, तेव्हा माझे वडील फिरवायचे. तुमच्या सासऱ्यांना विचारून बघा, त्यांना कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

---

विश्रामबागकर | मंगळवार, दुपार

ताई, आजी, दादा, खूप आधार वाटला. आजी, तुमचा निरोप वाचून दाखवला. सासूबाई गप्प बसल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात मला कुणी दिलं नाही हे." मग आम्ही दोघी बराच वेळ बोललो. त्यांच्या पहिल्या मुलाच्या वेळी त्या पंधराव्या दिवशी रानात गेल्या होत्या, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं.

अजून विचारते. अंघोळ घालायला एक मावशी येतात. हात चांगला आहे, बाळ झोपतंही छान. पण त्या नाकात-कानात तेल सोडतात, छाती दाबून पिळतात आणि शेवटी ओवा-वेखंडाची धुरी देतात. सासूबाई रोज गुटी उगाळतात, मध घालून. याचं काय करावं?

---

पलूसची_ताई | मंगळवार, रात्र

मालिश चांगलं. आपल्याकडे खोबरेल लावतात तेच ठीक, उन्हाळ्यात थोडंसंच. हात हलका हवा, आणि मालिश करताना बाळ आनंदात असायला हवं. नाकात-कानात तेल अजिबात नको. नाकातलं तेल श्वासातून फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, कानात बुरशी वाढते. जन्मल्यावर काही बाळांची छाती थोडी सुजलेली असते, ती आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे, आणि आपोआप उतरते. पिळल्यानं गळू होतो. धुरीचा धूर तान्ह्याच्या छातीला त्रासच देतो, मग तो ओव्याचा असो की गोवरीचा. दृष्ट काढून मिरच्या जाळायच्या असतील तर त्याही बाळाच्या खोलीत नकोत, आणि बंद खोलीत डासांची कॉइलही नको. वेखंडाची पूड अंगावर उधळू नका, नाकात जाते. काजळ डोळ्यांत घालू नका, तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात काही जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. गुटीचंही माझं मत नकोच असं आहे, सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, दिवसाला ४०० युनिट, एवढंच पोटात जावं.

---

वाळव्याची_आजी | बुधवार, सकाळ

ताई, मधाचं पटलं. पण गुटीचं मला सगळं पटत नाही. मुरुडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम, जायफळ, सगळं सहाणेवर दोन-दोन वळसे, आमची सगळी लेकरं त्यावरच वाढली.

---

पलूसची_ताई | बुधवार, दुपार

आजी, वाढली हे खरं, आणि तुमच्या हातची सहाण धुतलेली, पाणी उकळलेलं असणार हेही मानते. पण मी उपकेंद्रावर जुलाबाची जी बाळं पाहिली त्यांतल्या बऱ्याच घरांत गुटीची सहाण ओट्यावर उघडी पडलेली असायची, माश्या बसलेल्या. जायफळ दोन वळशांऐवजी पाच पडलं तर बाळ गुंगीत जातं आणि दूध ओढत नाही, घरच्यांना वाटतं शांत झोपलंय. म्हणून मी प्रत्येक घरी एकच सांगत आले. गुटीतला बदाम-खारीक सहा महिन्यांनंतर उष्टावण झाल्यावर खाण्यातून द्या, तेव्हा त्याचा उपयोगही होईल.

---

मिरजकर_बाबा | बुधवार, संध्याकाळ

मावशींचं आमच्याकडे असं झालं की आईनंच सांगितलं, "उद्यापासून मी शेजारी बसते, तुम्ही मला शिकवा." आठवडाभर शिकली, नाक-कान वगळून स्वतः करायला लागली. मावशींना मानानं लुगडं दिलं. कुणी दुखावलं नाही. सासूबाईंना नातीला हात लावायचा असतो, मालिश ही त्यांची जागा होऊ शकते.

---

विट्याची_शिक्षिका | बुधवार, रात्र

मी रजा संपवून नोकरीवर गेले तेव्हाचा अनुभव लिहिते. धागाकर्तीला कामावर परतायचं आहे की नाही माहीत नाही, पण वाचणाऱ्या इतर जणी असतील. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्यात आहे. मागायला संकोच करू नका.

जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळच्या पाजण्यानंतर हातानं दूध काढायची सवय केली. स्टीलची झाकणाची वाटी उकळून घ्यायची. खोलीत चार तास टिकतं म्हणतात ते २५ अंशांच्या हिशेबानं, विट्याच्या मे महिन्यात ते लागू नाही. काढलं की लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत मागे. लाईट जास्त वेळ गेली तर बर्फाच्या पिशवीबरोबर थर्मासमध्ये. देताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. बाळानं उष्टं केलेलं दूध परत ठेवायचं नाही. बाटलीऐवजी माझ्या आईनं बोंडल्यानं पाजलं. पहिले दिवस तो तोंड फिरवायचा, कारण मी घरातच असायचे. मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसले तेव्हा प्यायला लागला.

आणि एक. धागाकर्तीनं "उगाच रडू येतं" असं लिहिलंय. उगाच नसतं ते. झोप मिळूनही दोन आठवड्यांच्या वर टिकलं, बाळाकडेही मन लागेना, किंवा स्वतःला काही करावंसं वाटलं, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत, पाजणं चालू ठेवून घेता येणारी औषधंही आहेत. मी घेतली होती आणि मला त्यांनी परत उभं केलं.

---

गावभागातली | गुरुवार, दुपार

धागा उन्हाळ्याचा आहे, पण दोन महिन्यांत पाऊस येईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं बाळ असंच लहान होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमचा तळमजला बुडाला. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. गावभाग, दत्तनगर, कृष्णाकाठच्या ज्या घरांत तान्हं आहे त्यांनी ४५ ची वाट बघू नये. ४० च्या आधी उंचावरच्या नातेवाइकांकडे जावं, रात्री बोटीत बाळ घेऊन बसायची वेळ येऊ देऊ नये.

नातेवाइकांच्या एका खोलीत आम्ही कितीतरी जण होतो. पाण्याचा टँकर, वीज नाही. तेव्हा आईचं दूध होतं म्हणून माझं बाळ आजारी पडलं नाही. मदत म्हणून दूध पावडरीचे डबे वाटत होते, शेजारच्या बाईनं घाबरून सुरू केलं आणि त्या गढूळ दिवसांत बाटली उकळणार कशी? घाबरलेल्या आईचं दूध आटतं असं सगळे म्हणत होते. ते आटत नाही, उतरायला थोडा वेळ लागतो, पाजत राहिलं की येतं.

जूनपासून एक पिशवी दाराशी तयार ठेवा. लसीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये, लंगोटांची मोठी चळत, दोन दुपटी, थर्मामीटर, बाळाची चालू औषधं, मच्छरदाणी, आणि आईसाठी खजूर, शेंगदाण्याचे लाडू. १०८ वर रुग्णवाहिका मिळते हे घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा.

---

विश्रामबागकर | शनिवार, सकाळ

सगळं वाचून, घरी वाचून दाखवून, काही गोष्टी झाल्या. मध बंद. गुटी सासूबाईंनी स्वतःहून "उष्टावणानंतर बघू" म्हटलं. सकाळचा स्वयंपाक त्या करतायत, मी फक्त बसल्या बसल्या भाजी निवडते. सासरे संध्याकाळी तिला घेऊन खाली उतरतात. काल ते गणपती मंदिरापर्यंत जाऊन आले आणि इतके खूश होते की मलाच भरून आलं. शिक्षिकाताई, तुमचं शेवटचं वाचून मी नवऱ्याशी बोलले. पुढचे दोन आठवडे झोप घेऊन बघते, नाहीतर डॉक्टरांकडे जाणार, असं ठरलंय.

एकच राहिलं. १४ आठवड्यांची लस मंगळवारी आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या उन्हात नको, ताप चढेल, पंधरा दिवस थांबा. थांबावं का?

---

पलूसची_ताई | शनिवार, दुपार

थांबू नकोस. डांग्या खोकला, घटसर्प, न्यूमोनिया, रोटाचे जुलाब यांपासूनचं संरक्षण या डोसनं पक्कं होतं, आणि जुलाब या दिवसांतच जास्त असतात. दोन्ही मांड्यांत एकेक, दंडावर एक, आणि तोंडातून पोलिओ व रोटाचे थेंब असतात. किरकोळ सर्दी असली तरी लस देता येते, ती आहे का हे तिथे सांग.

केंद्र उघडताच सकाळी पहिल्या वेळेला जा. सैल झबलं घाल, छत्री ने, कार्ड विसरू नकोस. टोचताना आणि लगेच नंतर अंगावर घे, रडणं लवकर थांबतं. अर्धा तास तिथेच थांबायचं. जागा चोळायची नाही, हळद-बर्फ काही लावायचं नाही. सूज फार वाटली तर स्वच्छ ओलं फडकं ठेव. ताप एक-दोन दिवस येऊ शकतो, पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर ठरतं, ते त्याच वेळी नर्सकडून कार्डावर लिहून घे. ताप दोन दिवसांच्या पुढे गेला, किंवा ती प्यायचीच बंद झाली, तर परत दाखव. आणि त्या दिवशी स्वयंपाक सासूबाईंनीच दोन्ही वेळचा करायचा, ती दिवसभर तुझ्याच अंगावर राहणार आहे.